करंट येतोय का बघा आधी! कार्टवाल्यांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांचा गठ्ठा उघडला तर निम्मे तरी गो-कार्टवाल्यांचे निघाले आणि त्यातले बहुतेक शेवटी एकाच जागी येऊन टेकतात, प्लगला करंट येतोय का आणि येत असला तर वेळेवर येतोय का. म्हणून अख्खा कॉलम इग्निशनलाच देऊन टाकतोय. बुलेटवाले आणि स्कूटरवाले मंडळी, तुमचा नंबर पुढच्या अंकात, रागावू नका.

प्रश्न : माझा मुलगा १२५ सीसीच्या रोटॅक्स टू-स्ट्रोक कार्टवर मोहित्यांच्या ट्रॅकवर प्रॅक्टिस करतो. पहिले पाच-सहा लॅप गाडी एक नंबर पळते, मग स्ट्रेटच्या (सरळ पट्ट्याच्या) शेवटी मिसिंग मारायला लागते. पिटमध्ये आणून जरा गार झाली की परत बरी. प्लग नवीन टाकला, कार्ब साफ केला, फरक शून्य. ज्यांच्याकडं काम देतो ते म्हणतात सगळं इग्निशन किट बदला. खर्च लई आहे ओ आणि एवढं करून पण नाही गेलं तर? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दादा, पाकीट आत्ताच बाहेर काढू नका. किट ही सगळ्यात शेवटी बदलायची गोष्ट आहे आणि तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून तर मला किटच्या आधी निदान चार वस्तूंवर संशय येतोय, त्यातल्या तीन अगदी स्वस्तातल्या आहेत.

पहिलं म्हणजे ही भानगड करंटचीच आहे का पेट्रोलची ते ठरवा. करंट तुटला की इंजिन बटण बंद-चालू केल्यासारखं एकदम तुटतं आणि एकदम येतं, मधेच सायलेन्सरमधून फट्ट असा आवाजही येतो कारण न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटतं. पेट्रोल कमी पडत असेल तर इंजिन हळूहळू दम टाकतं, ओढ कमी होत जाते. तिसरा प्रकार म्हणजे कार्बचं जेटिंग जास्त रिच असलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात असलं, तर वरच्या आरपीएमला टू-स्ट्रोक एकाआड एक फेरी जळतं, तो घरघर आवाज ऐकून भलेभले मिसिंग समजतात. कार्टवर मायक्रॉन, म्हणजे लॅपचा वेळ आणि आरपीएम नोंदवणारा डिस्प्ले, लावलेला असेलच, त्याचा आरपीएमचा ग्राफ लॅपटॉपवर मोठा करून बघा. करंट तुटतोय तिथे करवतीसारखे उभे दात दिसतात, पेट्रोलचा प्रॉब्लेम असेल तर रेष सपाट होऊन हळूच खाली वाकते. आणि एक, स्क्रीनवर मधेच बावीस हजार, पंचवीस हजार असले येडे आकडे दिसत असतील तर ते फार कामाचं लक्षण आहे, त्याच्याकडे येतोच.

आता बॅटरी. पुष्कळ जणांना हे माहीतच नसतं की या इंजिनाचं इग्निशन बॅटरीवर चालतं आणि गाडी पळताना ती बॅटरी चार्ज होत नाही. बाईकसारखं नाही ते. युपीएसमध्ये असते त्या जातीची बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, सेशनला निघताना जेवढी भरलीय तेवढ्यावरच सगळा खेळ. आणि टू-स्ट्रोकला प्रत्येक फेरीला ठिणगी लागते, म्हणजे १२,००० आरपीएमला सेकंदाला २०० ठिणग्या, दोन ठिणग्यांमध्ये फक्त ५ मिलिसेकंद. व्होल्टेज खाली आलं की तेवढ्या वेळात ठिणगीचं मोठं व्होल्टेज बनवणारी कॉइल नीट भरत नाही आणि ते आधी कुठे दिसणार तर वरच्या आरपीएमला, स्ट्रेटच्या शेवटी. गंमत अशी की थकलेली लेड बॅटरी जरा विश्रांती मिळाली की पुन्हा वर येते. म्हणजे तुम्हाला वाटतंय इंजिन गार झालं म्हणून बरं झालं, पण कदाचित बॅटरीनेच दम खाल्लेला असतो! दोन्हीचं लक्षण सेम टू सेम. हे वेगळं करायचं तर गाडी मिसिंग मारत आत आली की इंजिन गार होऊ न देता लगेच दुसरी फुल चार्ज केलेली बॅटरी लावून परत बाहेर सोडा. मिसिंग गेलं तर बॅटरी, नाही गेलं तर पुढे चला. नुसतं व्होल्टेज बघून समाधान मानू नका, पडून असलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि सेल्फ मारला की ९ च्या खाली जाते, असल्या बॅटऱ्या ढिगाने आहेत. सेल्फ मारताना मीटर लावून बघा.

मग प्लगची कॅप. ही वस्तू इतकी साधी दिसते की कुणी तिच्याकडे बघत नाही. कॅपच्या आत एक रेझिस्टर असतो, साधारण ५ किलोओहमचा. ती वायरवरून पिळून काढा, आतल्या पितळी स्क्रूवर मीटरची एक पिन आणि प्लग बसतो त्या बाजूला दुसरी. पाचच्या आसपास आकडा आला तर ठीक, आठ-दहा आला किंवा कॅप हलवली की आकडा नाचतोय, तर सरळ नवीन टाका. मग वायरचं टोक बघा, तिथे तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या असतात कारण कार्टला सस्पेन्शन नावाचा प्रकार नाही, सगळी थरथर थेट इंजिनावर येते आणि कॅपमधला स्क्रू त्या तारांना खात खात मोकळा होतो. वायर ५ मिमी कापा, स्वच्छ ताजं तांबं दिसलं पाहिजे, मग कॅप परत पिळून घट्ट बसवा आणि ओढून बघा. वायर आखूड होत जाते म्हणून दर वेळी कापत सुटू नका हे वेगळं. मघाशी म्हटलं ते येडे आकडे याच्यामुळेच येतात, कॅपमध्ये आत फट पडली की तिथे स्वतंत्र ठिणगी उडत राहते आणि मायक्रॉनची सेन्सर वायर ते सगळं मोजून टाकते. संध्याकाळी अंधार पडला की इंजिन चालू करून कॅप आणि वायरच्या आजूबाजूला बघा, हेडवर निळी रेघ उडताना दिसली तर काही मोजायचीच गरज नाही.

तिसरं अर्थिंग. कॉइल रबरच्या बुशवर बसवलेली असते, म्हणजे तिला इंजिनाचा अर्थ फक्त त्या छोट्या वायरमधून मिळतो. ती वायर दोन्ही टोकांना सोडा, जिथे टेकते तिथला रंग-मळ पॉलिश पेपरने घासा आणि घट्ट करा. मीटर लावा, कॉइलची पट्टी ते क्रॅंककेस, शून्याच्या जवळ यायला पाहिजे. वायर वरून चांगली दिसते आणि आत लगच्या (टोकाच्या कडीच्या) जवळ तुटलेली असते, म्हणून मीटर लावलेला असताना ती हातानं वाकवून बघा.

एवढं करून पण राहिलं तर पिकअप, म्हणजे ठिणगी कधी टाकायची ते क्रॅंकच्या फिरण्यावरून सांगणारा सेन्सर. त्याच्या टोकावर लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो, तो पुसा, कनेक्टरच्या पिना बघा. पिकअपमध्ये तांब्याची बारीक वायर गुंडाळलेली असते आणि ती गरम झाल्यावर फुगून आत तुटू शकते, गार झाली की परत जोडली जाते, म्हणजे तुमच्या तक्रारीला हे पण बसतं. टेस्ट घरी होते, पिकअप काढून मीटरला जोडा, वहिनींचा हेअर ड्रायर मागून घ्या आणि गरम करत जा. आकडा थोडा वाढेल त्याला घाबरायचं नाही, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० अंश तापलं तर पाव हिश्श्याने वाढणारच. २०० चे २५० झाले तर नॉर्मल आहे. पण मधेच एकदम ओपन दाखवलं, तर चोर सापडला.

डबा, म्हणजे कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, हे मीटरने तपासता येईलच असं नाही. जुन्या मॉडेलमध्ये दोन्ही एकाच डब्यात असतं, तिथे मीटर लावून काहीच कळत नाही. पॅडॉकमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतात तिथे, कुणाची तरी सेम मॉडेलची गाडी असतेच, त्याच्याकडून एका सेशनपुरता डबा मागा. पण त्या सेशनला फक्त डबाच बदला, बरोबर प्लग आणि जेट पण बदललात तर काय बरं झालं ते कधीच कळणार नाही. आणि लोकल कॉइल लावायचा मोह होईल, उद्यमनगरात काय मिळत नाही म्हणा, पण मुलगा नॅशनलला जाणार असेल तर रोटॅक्स मॅक्सच्या नियमात इग्निशनचे पार्ट आणि कॅपसुद्धा ठरलेल्या असतात, टेक्निकल स्क्रूटिनीत बाहेर काढतील. प्रॅक्टिसला चालेल, रेसला नाही.

प्रश्न : हायवेवर आमचा छोटा कार्टिंग ट्रॅक आहे, सगळ्या गाड्यांना होंडाचे जीएक्स २०० इंजिन. दोन गाड्या फक्त डावीकडच्या लांब वळणावर बंद पडल्यासारख्या होतात, वळण संपलं की आपोआप चालू. सरळ रस्त्यावर काहीच नाही. मेकॅनिकने कार्ब बदलला, कॉइल बदलली. गिऱ्हाईक शिव्या घालतंय. – ट्रॅकवाला, लोणावळ्याजवळून

उत्तर : कॉइल बदलायच्या आधी ऑइलची काडी काढून बघितली का हो? नसेल तर आत्ता जा, गाडी सपाट जागेवर उभी करा आणि बघा. माझा अंदाज, त्या दोन गाड्यांत ऑइल कमी आहे.

या इंजिनांत ऑइल अलर्ट म्हणून भानगड असते. खाली ऑइलच्या कुंडात एक फ्लोट स्विच बसवलेला असतो, ऑइल कमी झालं की तो स्विच इग्निशनची वायर अर्थ करतो आणि करंट बंद. शेतात पंपावर किंवा जनरेटरवर एका जागी बसलेल्या इंजिनासाठी हे मस्त आहे, पण कार्ट वळणावर जोरात गेला की सगळं ऑइल एका बाजूला धावतं. पूर्ण भरलेलं असेल तर स्विचला पुरतं, पण थोडं जरी कमी असेल तर स्विच उघडा पडतो आणि इंजिनाला वाटतं ऑइल संपलं. स्विच एका बाजूला असतो म्हणून डावीकडे होतं आणि उजवीकडे होत नाही. या इंजिनात ऑइल मावतंच जेमतेम ०.६ लिटर, त्यात शंभर-दीडशे मिली उडालं तरी केवढा फरक पडतो बघा.

खात्री करायची असेल तर ऑइल आधी लेव्हलला भरा, मग स्विचकडून येणारी पिवळी वायर सोडून टेप लावा आणि तुम्ही स्वतः चार फेऱ्या मारा. प्रॉब्लेम गेला तर तोच. रेस करणारे लोक ती वायर कायमचीच सोडून ठेवतात, पण ते प्रत्येक रेसच्या आधी ऑइल बघतात. तुमच्या भाड्याच्या गाड्यांचं तसं नाही, रविवारच्या गर्दीत कोण काडी काढून बघणार? माझं मत विचाराल तर वायर परत जोडा आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर ऑइल बघायचं काम एका पोराला ठरवून द्या. वायर तशीच सोडून ठेवलीत तर एक दिवस कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल आणि मग वळणावरचं मिसिंग गोड वाटायला लागेल.

ऑइल फुल असून पण होत असेल तर स्टॉप स्विचची वायर सीटच्या पट्टीला कुठे घासतेय का बघा. डाव्या वळणावर ड्रायव्हर उजवीकडे फेकला जातो, सीट वाकते आणि सोललेली वायर चॅसीला टेकते. याही इंजिनात इग्निशन बंद करायचं म्हणजे वायर अर्थ करायची, त्यामुळे वायर सोलली की गाडी बंद. नवीन कॉइल बसवताना फ्लायव्हीलच्या मॅग्नेटपासून गॅप किती ठेवला तेही मेकॅनिकला विचारा, ०.४ मिमीच्या आसपास पाहिजे, फिलर गेज, म्हणजे गॅप मोजायची पत्ती, नसली तर जाडसर व्हिजिटिंग कार्ड मधे घालून कॉइल टेकवतात आणि बोल्ट आवळतात, चालतं ते.

प्रश्न : सर, आम्ही थर्ड इयर मेकॅनिकलचे, कॉलेज टीमचा कार्ट बनवतोय, १२५ सीसीचं बाईकचं सेकंडहॅंड इंजिन आहे. बाईकवर होतं तेव्हा मस्त चालू होतं, आमच्या चॅसीवर बसवल्यापासून ठिणगीच नाही. वायरिंग आम्हीच कापून छोटं केलं. सीडीआय (ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा) नवीन घेतला तरी तेच. इव्हेंट जवळ आलाय, प्लीज लवकर सांगा. – टीमचा इलेक्ट्रिकल हेड, नाशिक

उत्तर : अरे मित्रा, वायरिंग कापलं त्याच दिवशी ठिणगी गेली असणार, सीडीआयला का दोष देतोस!

मला सांग, चॅसीला पावडर कोटिंग केलंय ना? सगळे करतात, मस्त लाल-काळं दिसतं. पण ते कोटिंग म्हणजे करंटसाठी भिंत. बाईकवर इंजिन फ्रेमला उघड्या बोल्टने टेकलेलं होतं, अर्थ आपोआप मिळत होता, तुझ्याकडे बॅटरीचं मायनस चॅसीला लावलंय आणि इंजिन त्या चॅसीला विजेच्या भाषेत जोडलेलंच नाही. एक जाड वायर घे, बॅटरीचं मायनस थेट इंजिनाच्या ब्लॉकवर, आणि दुसरी कॉइलच्या बोल्टवर. चॅसीच्या भरवशावर राहू नकोस.

त्याहून मोठी चूक किल स्विचची असते. रूलबुकात लाल मशरूम बटण सांगितलेलं असतं, ते तुम्ही इलेक्ट्रिकलच्या दुकानातून आणता, त्याच्या मागे दोन प्रकारचे कॉन्टॅक्ट मिळतात, एनसी (बटण न दाबता जोडलेला, दाबलं की तुटणारा) आणि एनओ (बटण न दाबता तुटलेला, दाबलं की जोडणारा). आता हे नीट लक्षात घे. डीसी सीडीआय असेल, म्हणजे बॅटरीवर चालणारा, तर त्याला बारा व्होल्ट सतत मिळायला पाहिजे आणि बटण दाबलं की सप्लाय तुटला पाहिजे, तिथे एनसी लागतो. एसी सीडीआय असेल, म्हणजे बॅटरीशिवाय, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटने वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलवर चालणारा, तर त्याची किल वायर बटण दाबल्यावर अर्थ झाली पाहिजे, तिथे एनओ लागतो. उलटं जोडलं तर बटण न दाबताच इंजिन कायमचं बंद आणि दाबून ठेवलं तर चालू! विश्वास बसत नसेल तर बटण दाबून सेल्फ मारून बघ. आणि एसीच्या किल वायरला चुकून बारा व्होल्ट दिलेस तर नवीन सीडीआय पण गेला समज.

पिकअपच्या दोन वायर असतील तर त्या उलट-सुलट झाल्यात का बघ. उलटं झालं की ठिणगी येते पण चुकीच्या वेळी, इंजिन उलटी किक मारतं नाहीतर फुसफुसतं. बीएस-६ चं म्हणजे एप्रिल २०२० नंतरचं इंजिन असेल तर गोष्टच वेगळी, तिथे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आहे, साइड स्टॅंडचा स्विच, आणि बऱ्याच गाड्यांत गाडी पडली की इंजिन बंद करणारा टिल्ट सेन्सर असतो. तो सेन्सर कुठेतरी केबल टायने आडवा बांधून ठेवला असेल तर ईसीयूला वाटतं गाडी आडवी पडलीय, मग तो पंप पण चालू करत नाही आणि ठिणगी पण देत नाही. बाईकवर तो ज्या दिशेला होता त्याच दिशेला, बाणाची खूण असते बघ, घट्ट बसव.

एक सांगायचं राहिलं, ठिणगी बघताना प्लग हातात धरून हिरोगिरी करू नका, यूट्यूबवर दाखवतात म्हणून. प्लगची चुडी हेडला टेकवून ठेवा, प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि भडका उडतो. प्लग न टेकवता कॅप नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारत बसलात तर करंटला जायला जागा मिळत नाही, मग तो कॉइलच्या आतच वाट फोडतो. आणि बाहेर ठिणगी दिसली म्हणजे आत पण पडते असं नाही, कॉम्प्रेशनमध्ये हवा दाबली की तेवढाच गॅप उडी मारायला खूप जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सहा-सात मिमी गॅपचा टेस्टर मिळतो तो वापरा, त्या गॅपवर निळी, कडक ठिणगी उडाली तर इग्निशनला पास करा.

प्रश्न : माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० चं इंजिन बसवलेला जुना कार्ट आहे. फुल स्पीडला इंजिन सीझ झालं, बोअर करून नवीन पिस्टन टाकला. तेव्हापासून स्टार्ट करताना किक उलटी मारते आणि ओढ पण नाही. मेकॅनिक म्हणतो पिस्टन घासला की होईल बरोबर. – म्हापसा, गोवा

उत्तर : नाही होणार बाबा. पिस्टन घासायची वाट बघू नकोस, मॅग्नेटचं कव्हर उघड.

इंजिन सीझ होतं तेव्हा क्रॅंक एका क्षणात थांबतो, पण फ्लायव्हील जड असतं, त्याला थांबायचं नसतं. ते क्रॅंकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) थोडं फिरतं आणि मधली अर्धचंद्राची 'की', म्हणजे खाचेत बसणारी लोखंडाची छोटी चकती, कापली जाते किंवा वाकते. आता फ्लायव्हील चुकीच्या जागी बसलंय आणि ठिणगी कधी पडणार ते फ्लायव्हीलच ठरवतं. किती फरक पडतो याचा हिशोब कर, शाफ्ट २० मिमीचा धरला तर परिघ झाला साधारण ६३ मिमी, म्हणजे परिघावर फक्त १ मिमी सरकलं तरी टायमिंग जवळजवळ पावणेसहा अंश हललं. एवढ्यात इंजिनाची वाट लागते, आणि टायमिंग पुढे गेलेलं असेल तर नवा पिस्टन पण जळेल, म्हणून चालवूच नकोस.

नट सोडून पुलर लावून फ्लायव्हील काढ, हातोडीने ठोकायचं नाही, मॅग्नेटला तडा जातो. की काढून बघ, बाजूला पायरी पडलेली दिसेल. नवीन की स्वस्तात मिळेल, पण नुसती की टाकून काम संपत नाही. लोकांना वाटतं फ्लायव्हीलला की धरून ठेवते. ती फक्त जागा दाखवते, पकड सगळी टेपरची असते. टेपरवर ओरखडे पडले असतील तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून फ्लायव्हील हाताने मागे-पुढे फिरवत दोन्ही तोंडं जुळव, राखाडी रंगाचा एकसारखा पट्टा आला पाहिजे, मग पेट्रोलने धू आणि एकदम कोरडं बसव. ऑइल किंवा ग्रीस लावलंस तर महिन्याभरात परत हेच. नट टॉर्क रेंचने आवळ, अंदाजाने नको. शेवटी स्ट्रोब लाइट लावून खूण जुळतेय का बघ, ती सोय नसेल तर पुण्या-कोल्हापुरातला कुठलाही जुना यामाहावाला मेकॅनिक डायल गेज लावून करून देईल, म्हापशात पण असतील.

प्रश्न : रेसिंगसाठी थंड प्लग घ्यायचा म्हणतात, मग आकडा मोठा घ्यायचा का छोटा? आणि प्लगचा रंग बघून सेटिंग कसं कळतं? – पिंपरी

उत्तर : कंपनी कुठली त्यावर आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, बॉशमध्ये बरोब्बर उलटं, आकडा छोटा तो थंड. त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं "एक नंबर वरचा द्या" म्हणू नका. आणि थंड प्लगने पॉवर वाढत नाही, त्याचं काम फक्त टोक जास्त तापू न देणं. जास्त गरम प्लग लावला तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं, जास्त थंड लावला तर प्लग ओला-काळा होऊन पिटमधून बाहेर पडतानाच मिसिंग. दोन्हीत निवडायची वेळ आली तर थंडच्या बाजूने चुका, प्लग स्वस्त आहे.

रंग बघायचा तर स्ट्रेटच्या शेवटी फुल थ्रॉटलवरच इंजिन बंद करा आणि गाडी तशीच गडगडत बाजूला घ्या, मागून येणाऱ्यांना हात दाखवून. हळूहळू चालवत पिटमध्ये आणून प्लग काढलात तर तुम्ही पिटलेनचा रंग बघताय, ट्रॅकचा नाही. आयरिडियम प्लगला तारेचा ब्रश अजिबात मारू नका, त्याचं टोक जेमतेम ०.४ ते ०.६ मिमीचं असतं, एका घासण्यात वाट.

प्रश्न : पावसात प्रॅक्टिस केली की इंजिन मधेच दम टाकतं, वाळलं की ठीक. काय लावू? – कोल्हापूरचाच अजून एक

उत्तर : कॅपच्या रबरात दोन्ही तोंडांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस लावा, चिमूटभरच, आणि वायर जिथे कॅपमध्ये शिरते तिथला रबर बूट फाटका असेल तर बदला, बहुतेक पाणी तिथूनच जातं. कनेक्टरची तोंडं खालच्या बाजूला येतील असे बांधा म्हणजे पाणी साठत नाही. सेशन झाल्यावर प्रेशर पंपाने गाडी धुताना कॉइल आणि बॅटरीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, पावसापेक्षा त्या पंपानेच जास्त पाणी आत जातं. आणि कार्बच्या एअर बॉक्सवर रेन कव्हर आहे ना ते पण बघा, तिथून पाणी आत गेलं तर लक्षण सेम दिसतं आणि तुम्ही प्लग काढत बसाल.